नऊ व्होल्टचं छत
वाद्यांतली वीज : लेखांक ६

पॅसिव्ह बास गिटारचा सिग्नल लांब केबलमधून जाताना आपला ट्रेबल कसा गमावतो, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. पिकअपच्या गुंडाळीत बारीक तारेचे हजारो वेढे, त्यापुढे मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारिता असलेली केबल. या दोघांची गाठ पडली की आवाजाची धार बोथट होते. त्यावरचा इलाज म्हणजे वाद्याच्या पोटातच प्रीअँप बसवणं. तो पिकअपचा नाजूक सिग्नल हातात घेतो, हवा तसा बेस-ट्रेबल वाढवतो आणि केबलचा भार सोसेल इतक्या ताकदीने पुढे पाठवतो. पण प्रीअँप आला की त्याला वीज द्यावी लागते. असा प्रीअँप असलेल्या, म्हणजेच अॅक्टिव्ह, बासच्या बहुतेक तक्रारी या विजेपाशीच येऊन थांबतात.

ही सोय कॅलिफोर्नियात वाढली. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अलेम्बिक या कंपनीने ग्रेटफुल डेड या बँडसाठी ध्वनियंत्रणेचं काम करता करता बासच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा फार खोलवर विचार केला. त्यांच्या वरच्या दर्जाच्या बासला पाच पिनांची खास केबल असते. बाहेर ठेवलेल्या पॉवर सप्लायमधून तिच्यातूनच वीज आत येते आणि सिग्नल बाहेर जातो. उत्तम व्यवस्था, पण महाग. सर्वसामान्य वादकाच्या हाती अॅक्टिव्ह बास आला तो १९७६ मध्ये, म्युझिक मॅनच्या स्टिंगरेमुळे. लिओ फेंडर यांनी आपली मूळ कंपनी १९६५ मध्ये सीबीएसला विकली होती. साठी उलटल्यावर म्युझिक मॅन या नव्या कंपनीसाठी त्यांनी जो बास घडवला, त्याची वीज एका चौकोनी ९ व्होल्टच्या सेलवर चालत होती. दुकानात कुठेही मिळणारा सेल आणि नेहमीची साधी केबल! वाद्य लोकप्रिय होण्यात या साधेपणाचा वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

हा सेल आवाज ‘मोठा’ करण्यासाठी असतो, असा समज सर्रास आढळतो. सेलचं खरं काम छताची उंची ठरवण्याचं आहे. प्रीअँप ९ व्होल्टचा मध्य, म्हणजे साडेचार व्होल्ट, हा आपला शून्यबिंदू मानतो. सिग्नल त्याच्या वर आणि खाली डोलतो. प्रीअँपमधल्या बऱ्याच ऑप-अँप चिपना दोन्ही टोकांना व्होल्ट-दीड व्होल्ट सोडून द्यावे लागतात, म्हणून प्रत्यक्षात वर तीन आणि खाली तीन व्होल्ट एवढीच जागा उरते. आता हिशेब करू. अंगठ्याने तारेवर जोरदार थाप मारली की दमदार पिकअप क्षणभर एक व्होल्टपर्यंत सहज जातो. त्यात बेसचं बटण १२ डेसिबलने वाढवलं असेल तर सिग्नल चौपट, म्हणजे चार व्होल्ट. छत तीनवर, डोकं चारवर. लाटेचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. सेल उतरून ७ व्होल्टवर आला की छत दोन व्होल्टवर येतं. मग साध्या वादनातही खरखर सुरू होते. खालच्या स्वरांची लाट सर्वांत मोठी आणि बेसचं बटणही त्यांनाच वाढवतं, म्हणून आधी ‘ई’ची जाड तार बिघडल्यासारखी वाटते. तार बदलूनही फरक पडत नाही, कारण रोग पाठीमागच्या झाकणाखाली असतो.

म्हणूनच काही बासमध्ये दोन सेल एकामागे एक जोडून १८ व्होल्ट करतात. छत दुपटीहून जास्त वर जातं, फाटण्याची भीती जाते. आवाजाची पातळी मात्र तीच राहते, आणि हळुवार वाजवणाऱ्याला तर काहीच फरक जाणवणार नाही. शिवाय दोन सेल दुप्पट दिवस चालतील ही अपेक्षाही चुकीची. एकामागे एक जोडलेल्या सेलमधून तोच प्रवाह वाहतो, दोन्ही बरोबरीने रिकामे होतात. फायदा एवढाच, की दोन्ही बरेच उतरले तरी छत कामापुरतं उंच राहतं. आपल्या बासमध्ये हा बदल करायचा असेल तर आधी आतला प्रीअँप आणि कपॅसिटर १८ व्होल्ट सोसतात याची खात्री करून घ्यावी. नाहीतर चांगलं चालणारं वाद्य हकनाक जळेल.

व्होल्ट छत ठरवतात, तर सेल किती दिवस टिकेल हे मिलिअँपिअर-तासांवर ठरतं. चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमता ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. प्रीअँप अर्धा मिलिअँपिअर खात असेल तर कागदावर १००० तास. तीन मिलिअँपिअर खात असेल तर जेमतेम १६६. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमीच भरतात, कारण ही क्षमता सेल पाच व्होल्टच्या आसपास उतरेपर्यंत मोजलेली असते आणि बास त्याच्या कितीतरी आधी कुरकुर करायला लागतो. आपला प्रीअँप किती खातो हे घरीच मोजता येतं. सेलची दोन टिचबटणं क्लिपला लागतात, त्यातलं एकच लावायचं आणि दुसऱ्याच्या वाटेत मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून जोडायचा. बासमध्ये केबलची पिन घातलेली हवी. क्लिप मात्र उलटी टेकू देऊ नका. ज्या प्रीअँपमध्ये संरक्षक डायोड नाही, त्याला एवढा क्षण पुरतो.

पिन घातलेली हवी, याचं कारण जॅकमध्ये आहे. अॅक्टिव्ह बासचा जॅक दिसायला साधा, पण आतून स्टिरिओ असतो: टोकाची पट्टी, मधली पट्टी आणि बूड. सेलची ऋण तार मधल्या पट्टीला सोल्डर केलेली असते. मोनो पिन आत गेली की तिची लांब दांडी मधली पट्टी आणि बूड यांना जोडते आणि सर्किट चालू होतं. वेगळा स्विच लागतच नाही. पण रियाज संपवून केबल तशीच ठेवली तर रात्रभर सेल खर्ची पडत राहतो, अँप बंद असला तरी! आणि घाईत कुणी स्टिरिओ केबल दिली, तिचं दुसरं टोक मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये गेलं, तर मधली पट्टी बुडाला मिळत नाही आणि बास एकदम मुका होतो. ऐन साउंड चेकला हा प्रकार झाला की सगळे सेललाच दोष देतात.

सेल कोणता घ्यावा? दुकानात नुसता नऊ व्होल्टचा सेल मागितला तर बहुधा ६एफ२२ लिहिलेला झिंक-कार्बन हातात पडतो. स्वस्त, पण दम कमी. ६एलआर६१ म्हणजे अल्कलाइन. बाससाठी तोच मागून घ्यावा. निकेल-मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल सात घरांचा असेल तर ८.४ व्होल्टचा, सहा घरांचा असेल तर ७.२ चाच, म्हणजे छत सुरुवातीलाच खाली. यूएसबीने चार्ज होणाऱ्या लिथियम सेलमध्ये व्होल्टेज चढवणारं सर्किट असतं. त्याची बारीक शिट्टी काही प्रीअँपमध्ये ऐकू येते. शिवाय तो शेवटपर्यंत ९ व्होल्ट देतो आणि अचानक बंद पडतो. अल्कलाइन फाटक्या आवाजाने आधी इशारा तरी देतो. कार्यक्रमाला मी त्याच्यावरच भरवसा ठेवीन.

सेल टाळून भिंतीतला अॅडाप्टर का जोडू नये, हा प्रश्न वाचकांनी विचारला आहे. सेल कशालाही न जोडलेला, एकटा असतो, म्हणून शांत असतो. अॅडाप्टर आला की अर्थिंगचे दोन रस्ते तयार होतात आणि हम शिरतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ‘ई’च्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा ‘जी’ ४९ हर्ट्झचा, आणि त्याच्या दुप्पट हम १०० हर्ट्झवर, उघड्या ‘जी’च्या ९८ हर्ट्झला खेटून. म्हणजे हम नेमका बासच्याच घरात येऊन बसतो आणि तो गाळायला गेलं तर वाद्याचे स्वरही जातात.

तपासणीचा मुद्दा राहिला. सेल बाहेर काढून मोजू नका. थकलेला सेल विश्रांतीनंतर सावरतो आणि साडेआठ व्होल्ट दाखवून फसवतो. झाकण उघडून, पिन घातलेल्या अवस्थेत, थोडं वाजवून झाल्यावर मोजा. नवा अल्कलाइन साडेनऊच्या आसपास असतो. आठच्या खाली आला की कार्यक्रमाआधी बदला. बास महिनोन् महिने पेटीत राहणार असेल तर सेल काढूनच ठेवा, कारण गळालेला क्षार क्लिप आणि तारा दोन्ही खातो.

पुढच्या लेखांकात डीआय बॉक्स आणि मिक्सरमधून येणारे ४८ व्होल्ट.