एकाच फोनमधले दोन आवाज

नोकिया कंपनीने २००६ साली ‘५३०० एक्सप्रेसम्युझिक’ हा सरकता फोन जाहीर केला. त्याचा वरचा भाग सरकवला की अंकांच्या कळा दिसत. गाण्यांच्या कळा मात्र पडद्याच्या कडेला होत्या, म्हणून फोन न उघडताही गाणी ऐकता येत. या फोनमध्ये साठवलेले गाणे भरदार वाटे. तेच गाणे दुसऱ्याने फोन करून ऐकवले, तर चपटे नि तुटक वाटे. कान तोच, फोनही तोच. मग असे का होते?

प्रथम साठवलेले गाणे पाहू. सीडीसाठी ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. प्रत्येक नमुन्याला १६ बिट आणि डावा-उजवा असे दोन मार्ग, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट झाले. या हिशेबाने पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५३ मेगाबाइट जागा लागते. या फोनमध्ये २ गिगाबाइटपर्यंतचे मेमरी कार्ड चाले. त्यात अशी जेमतेम ३७ गाणी मावली असती. एमपी-३ पद्धतीत सेकंदाला १,२८,००० बिट वापरले, तर तेच गाणे ४.८ मेगाबाइटमध्ये बसते आणि कार्डात चारशेवर गाणी मावतात. मोठ्या आवाजाजवळचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. ढोल वाजत असताना शेजारची कुजबुज कळत नाही, तसेच हे. असा झाकला जाणारा भाग ही पद्धत गाळते. म्हणजे येथे निकष आहे ऐकणाऱ्याचा कान.

आता संभाषण पाहू. जीएसएम दूरध्वनीत सेकंदाला ८,००० च नमुने घेतात. नमुन्यांच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतचाच ध्वनी टिपता येतो, म्हणून ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे सुटते. प्रत्यक्षात सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचतो. जीएसएमच्या मूळ पद्धतीत दर २० मिलिसेकंदांना २६० बिट पाठवतात, म्हणजे सेकंदाला १३,०००. एवढ्यात भागते, कारण आवाज एका माणसाच्या कंठातून व मुखातून येतो असे ही पद्धत गृहीत धरते. येथे निकष आहे बोलणाऱ्याचे मुख. तंबोरा, तबला आणि गायक यांचा एकत्र ध्वनी त्या साच्यात बसत नाही.

बोलण्यातही काही हरवतेच. ‘स’ची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. त्यामुळे ‘सार’ आणि वरचे दात खालच्या ओठावर टेकवून उच्चारलेला ‘फार’ यांत गोंधळ होतो. वाक्यात संदर्भ असतो, म्हणून आपण सावरून घेतो. सुट्या नावाला तो आधार नसतो.

याचा वर्गात प्रयोग करता येईल. एकाने असे दहा सुटे शब्द आधी समोर बसून व मग दुसऱ्या खोलीतून फोनवर सांगावेत, इतरांनी लिहावेत आणि दोन्ही वेळच्या चुका मोजाव्यात. फोनवर चुका वाढतात का व त्या कोणत्या अक्षरांच्या, हे पाहावे. आजच्या अनेक फोनांवर व जाळ्यांवर संभाषणाचा पट्टा ७,००० हर्ट्झपर्यंत जातो. तेथे फरक कमी दिसेल. तो का, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

तरीही औषधाचे नाव फोनवर सांगताना ‘सशाचा स’, ‘फणसाचा फ’ असे फोडून सांगावे, आणि ऐकणाऱ्याकडून ते परत वदवून घ्यावे.