सागरतळाशी पहिला श्वास

मालवणचा किनारा सिंधुदुर्ग किल्ल्यामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. या किल्ल्याच्या आसपास पाण्याखालील खडकांवर प्रवाळांची आणि रंगीबेरंगी माशांची एक निराळीच सृष्टी नांदते. १९८७ साली येथील सागरी क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्था उभारली आहे. ही सृष्टी पाहण्याच्या ओढीने अनेक पर्यटक प्रथमच पाण्याखाली उतरतात. त्यांतील कित्येकांची प्रकृती धडधाकट असते, पोहणेही येत असते. तरीही पहिल्या काही क्षणांतच श्वास अडकल्यासारखा वाटतो आणि छाती धडधडू लागते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. या भीतीमागे शरीरशास्त्र आहे आणि तिच्यावरील उपायही त्यातच आहे.

श्वासयंत्राचे कार्य

पाणबुड्याने श्वास ओढताच सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने हवा पुरविणारे श्वासयंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो व एमिल गान्यां यांनी सिद्ध केले. पाठीवरील टाकीत शुद्ध ऑक्सिजन असतो, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तीत सामान्यतः नेहमीचीच हवा गाळून व दाबून भरलेली असते. बारा लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. ही हवा तोंडाने घ्यावयाची असते. नाक मुखवट्याखाली झाकलेले असते. नाकाने श्वास घेण्याची सवय जडलेल्या शरीराला हे सारे प्रथम अनैसर्गिक वाटते.

घुसमट का होते?

श्वास घेण्याची अनावर इच्छा मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. शांतपणे घेतलेल्या एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वसनमार्गातच राहते; तेथे वायूंची देवघेव होत नाही. घाबरलेला मनुष्य उथळ व भराभर श्वास घेऊ लागला, की बरीचशी हवा या मार्गातच खालीवर होत राहते आणि कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही. त्यामुळे घुसमट वाढते, घुसमटीने भीती वाढते आणि भीतीने श्वास आणखी उथळ होतो. टाकीत भरपूर हवा असूनही ‘हवा मिळत नाही’ असे वाटते, ते या दुष्टचक्रामुळे. त्यातच १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्याने हवा दुप्पट दाट होते आणि टाकीही दुप्पट वेगाने रिकामी होते.

उपाय उच्छ्वासात

हे चक्र उच्छ्वासापासून तोडावे लागते. घुसमट जाणवताच हातपाय मारणे थांबवावे, प्रशिक्षकाला खूण करावी आणि आतील हवा सावकाश, पूर्णपणे बाहेर सोडावी. त्यानंतरचा श्वास आपोआपच खोल येतो. असे चार-सहा श्वास घेतल्यावर बहुधा मन स्थिर होऊ लागते.

मात्र श्वास रोखून धरणे सर्वथा वर्ज्य होय. १० मीटर खोलीवर भरून घेतलेला श्वास रोखून कोणी पृष्ठभागावर आल्यास फुप्फुसांतील हवा दुप्पट प्रसरण पावू पाहते आणि फुप्फुसांना प्राणघातक इजा होऊ शकते. म्हणूनच घाबरून एकदम वर झेपावणे हे मूळ भीतीपेक्षा अधिक धोक्याचे ठरते. वर यावयाचे असल्यास श्वासोच्छ्वास चालू ठेवून, मिनिटाला ९ मीटरपेक्षा अधिक वेग न घेता यावे. पाण्याखाली अंगठा वर करण्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर जाऊ या’ असा आहे, हेही नवशिक्याने ध्यानात ठेवावे.

सरावाचे महत्त्व

आत्मविश्वास उथळ पाण्यातच कमवावा लागतो. कमरेएवढ्या पाण्यात चेहरा बुडवून काही मिनिटे केवळ श्वास घ्यावा. मुखवट्यात थोडे पाणी येऊ देऊन ते नाकातून हवा फुंकून बाहेर काढावे. तोंडातील श्वासयंत्र काढून, हळूहळू बुडबुडे सोडत पुन्हा बसवावे आणि त्यातील पाणी फुंकून टाकल्यावरच श्वास घ्यावा. या गोष्टी हातवळणी पडल्या, की खोल पाण्यात त्यांची धास्ती उरत नाही. छाती आवळणारा पोशाख आणि कमरेला बांधलेले जादा वजन यांमुळेही धाप लागते. ते आधीच तपासून घ्यावे. दमा, हृदयविकार वा अपस्मार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून पाण्याखाली उतरू नये आणि प्रकृतीची माहिती प्रशिक्षकापासून लपवू नये.

मन तयार नसेल, तर त्या दिवशी न उतरणे हाही सुज्ञपणाच होय. समुद्र उद्याही तेथेच असतो. श्वासाची लय साधल्यावर जो पाण्याखाली जातो, त्याचे लक्ष स्वतःच्या धडधडीकडून प्रवाळांकडे आणि माशांकडे वळते; ज्यासाठी तो उतरलेला असतो, ते त्याला तेव्हाच खऱ्या अर्थाने दिसते.