माशीवर बसलेला मेंढा
(नेम आणि नेमबाज : लेखांक सहावा)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी आयडाहो या डोंगराळ संस्थानात, सॅमन नदीच्या खोऱ्यात, गुरे राखून आणि परगावच्या शिकाऱ्यांना रानवाटा दाखवून ज्यांनी हयातीचा मोठा भाग घालवला, त्या एल्मर कीथ नामक गृहस्थांनी गेल्या शतकाच्या मध्यास घडलेली एक हकीकत लिहून ठेवली आणि तिने त्या देशातील शस्त्रशौकिनांत जी दुफळी माजवली, ती कीथ १९८४ साली निवर्तल्यावरही पुरती मिटलेली नाही. सोबत्याच्या रायफलीने आधीच जखमी केलेले एक हरीण समोरच्या उतारावरून निसटून चालले असता, सुमारे ६०० यार्डांवरून, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहूनही अधिक अंतरावरून, आपण कमरेचे .४४ मॅग्नम रिव्हॉल्वर काढले आणि पहिल्या गोळ्यांची धूळ कोठे उडते ते पाहून नेम सुधारीत अखेर त्याला टिपले, अशी ती कैफियत. शहाण्या माणसांनी तिला थाप ठरवले. कीथ यांनी १९७९ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्याचे नाव ठेवले 'हेल, आय वॉज देअर!'. शंकेखोरांना यापरते उत्तर देण्याची त्यांना गरज वाटली नसावी.

त्या हरणाचा पंचनामा करण्याचे येथे कारण नाही. माझ्यापुरते सांगायचे तर ६०० यार्डांच्या त्या यशात दैवाचा वाटा बराच असावा असे मला वाटते, कारण तेवढ्या पल्ल्यावर गोळी दोनेक सेकंद हवेत राहते आणि तेवढ्यात चार-पाच मजली इमारतीच्या उंचीइतकी खाली येते. परंतु कीथ ज्या रीतीने नेम धरीत, ती रीत मात्र दैवाची नव्हे. ती शुद्ध भूमितीची आहे, आणि आजच्या लेखांकाचा विषय तीच आहे.

मागील लेखांकात पिस्तुलाच्या ज्या स्पर्धा आपण पाहिल्या, त्यांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी ज्या प्रकारात नाव मिळवले त्याचे अंतर २५ मीटर होते. ऑलिंपिकमध्ये याहून लांब असा ५० मीटरांचा एक प्रकार होता, तोही २०१६ च्या रिओ येथील सामन्यांनंतर बंद झाला. आणि त्यासाठीचे पिस्तूल म्हणजे तळहाताच्या मापाने कोरलेल्या लाकडी मुठीचे, एकाच कामासाठी घडवलेले असे यंत्र असे. १८६५ च्या जुलै महिन्यात मिसूरी संस्थानातील स्प्रिंगफील्ड गावच्या चौकात वाइल्ड बिल हिकॉक याने डेव्हिस टट याला, एका घड्याळाच्या भांडणापायी, सुमारे ७५ यार्डांवरून एका गोळीत ठार केले, तेव्हा त्या अंतराचीच दंतकथा झाली. मग दुकानात सर्रास मिळणारे, खटल्याच्या पुराव्यात मांडावे तसले साधे हत्यार घेऊन कोणी २०० मीटरांवर नेम धरू लागला, तर लोकांनी त्याला वेड्यात काढावे यात नवल नाही.

तरी हिशेब मांडून पाहावा. पिस्तुलाची एखादी जड, संथ गोळी सेकंदाला २५० मीटर वेगाने निघाली असे धरू आणि हवेचा अडथळा तूर्त खात्यावर घालू नये. ५० मीटरांवर ती सुमारे २० सेंटिमीटर खाली येईल, १०० मीटरांवर ७८ सेंटिमीटर, आणि २०० मीटरांवर तीन मीटरांहून थोडी अधिक. अंतर दुप्पट केले की घसरण चौपट होते. हवेचा अडथळा जमेस धरला की हे आकडे आणखी वाढतात. पण यात भिण्यासारखे काही नाही, कारण गुरुत्वाकर्षणाचा कारभार चोख आहे. काल जेवढी वसुली केली तेवढीच तो आज करील. भरवशाचा नाही तो हात. साध्या पिस्तुलावर नेम धरण्याची मागची खाच आणि पुढचा उंचवटा, म्हणजे माशी, यांमध्ये सुमारे १६ सेंटिमीटरांचे अंतर असते. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर डावीकडे कलली, तर १०० मीटरांवर गोळी ३१ सेंटिमीटर डावीकडे जाते आणि २०० मीटरांवर ६२. चाप ओढताना करंगळी नकळत आवळली जाते, तेवढ्यानेही हा अर्धा मिलिमीटर खर्ची पडतो.

आता खरी अडचण. २०० मीटरांवर गोळी तीन मीटर खाली येणार, तर नेम लक्ष्याच्या तीन मीटर वर धरावा, असे कोणीही म्हणेल. हात लांबवून पिस्तूल धरले असता डोळ्यापासून माशी सुमारे पाऊण मीटरावर येते आणि तिची रुंदी असते तीन मिलिमीटरांच्या आसपास. पाऊण मीटर लांबीची वस्तू २०० मीटरांवर ठेवली, तर माशीशेजारी ती जेमतेम तेवढीच रुंद दिसते. पिस्तूल लक्ष्याच्या वर उचलले की माशी, खाच आणि खुद्द नळी हे सारे मिळून लक्ष्य गिळून टाकतात. नेमबाजाला दिसते ते रिकामे आकाश किंवा मागची टेकडी, आणि तीन मीटर म्हणजे किती हे त्या आकाशावर कोणी आखून ठेवलेले नसते.

कीथ यांनी खाच जागीच ठेवली आणि माशी वर काढली. एरवी माशीचा माथा खाचेच्या दोन्ही कडांशी समपातळीत असावा हा नियम. लांब पल्ल्यासाठी त्यांनी तो मुद्दाम मोडला. माशी खाचेच्या वर डोकावू द्यायची, नळीचे तोंड तेवढे उचलले जाते. आणि लक्ष्य मात्र माशीच्या अगदी माथ्यावर, पाटावर बसलेल्या पाहुण्यासारखे, संपूर्ण दृष्टीसमोर राहते. माशी किती वर काढायची? वर धरलेल्या वेगाने २०० मीटरांसाठी, पिस्तूल २५ मीटरांवर बरोबर बसवलेले असेल तर, हवेचा अडथळा धरूनही दोन ते अडीच मिलिमीटर. म्हणजे मोहरीच्या एका टपोऱ्या दाण्याहून किंचित अधिक. हे माप दर वेळी नजरेने सारखे यावे म्हणून कीथ यांनी माशीच्या मागील अंगावर सोन्याच्या बारीक आडव्या रेघा जडवून घेतल्या होत्या: अमुक अंतराला खाचेच्या कडेशी पहिली रेघ, त्यापुढच्या अंतराला दुसरी. सोनाराच्या तराजूवरील खुणांची आठवण यावी असे हे काम. मोंटाना संस्थानातील एड मॅकगिव्हर्न यांनीही लांब पल्ल्याचे प्रयोग करून १९३८ च्या आपल्या ग्रंथात त्यांची नोंद केली आहे. तथापि हातघाईच्या चपळाईने नावाजलेल्या त्या गृहस्थांचा जीव शेवटपर्यंत वेगातच होता.

एका माणसाची ही रीत पुढे मैदानावर आली ती मेक्सिकोच्या वाटेने. तेथे पोलादी पत्र्यातून कापलेल्या प्राण्यांच्या आकृती रायफलीने पाडण्याचा खेळ रूढ होता; १९७५ साली ॲरिझोनातील ट्यूसॉन येथे तोच पिस्तूल-रिव्हॉल्वरसाठी मांडण्यात आला. ५० मीटरांवर कोंबडी, १०० वर रानडुक्कर, १५० वर टर्की आणि २०० वर मेंढा. गायीना, हावेलीना, ग्वाहोलोते, बोरेगो ही त्यांची स्पॅनिश नावे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडीही कायम राहिली. प्रत्येकी दहा, एकूण चाळीस गोळ्या. पाचांच्या एका ओळीला दोन मिनिटे. या खेळासाठी पुढे रायफलीच्या काडतुसांची एकबारी पिस्तुलेही निघाली. परंतु कारखान्यातून निघालेल्या नेहमीच्या हत्यारांसाठी आणि रिव्हॉल्वरसाठी वेगळे वर्ग राखून ठेवण्यात आले, आणि माझ्या मते या खेळाची सारी लज्जत त्या वर्गांत आहे.

नेमबाज बहुधा उताणा निजतो. एक हात उशीसारखा मानेखाली, गुडघा वर, आणि नळी पोटरीच्या बाहेरील अंगावर टेकवलेली. या आसनाला क्रीडमूर म्हणतात. न्यूयॉर्कजवळच्या त्या नावाच्या मैदानावर गेल्या-मागल्या शतकात रायफलवाले असे निजत. पाहणाऱ्याला हा मनुष्य दुपारची वामकुक्षी घेत आहे असे वाटावे. रिव्हॉल्वरवाल्याच्या पोटरीवर मात्र जाड कातड्याचा पट्टा बांधलेला असतो, कारण चकरी आणि नळी यांच्यामधील केसाएवढ्या फटीतून प्रत्येक बाराबरोबर पेटत्या वायूचा झोत दोन्ही बाजूंना निसटतो, आणि ज्याने पट्टा बांधण्याचा आळस केला त्याची विजार पहिल्याच फेरीत फाटते. पुढची पाळी कातडीची. टेकडीचा भरभक्कम आडोसा असल्याखेरीज हे मैदान मांडताच येत नाही, कारण चुकलेली पिस्तुलाची गोळीही मैलभर जाऊ शकते. त्या टेकडीचा आणखी एक उपयोग असा की धूळ कोठे उडाली हे शेजारी दुर्बीण लावून बसलेला सोबती सांगतो, आणि नेमबाज माशी तसूभरही नव्हे, केसभर वरखाली करतो.

बार झाल्यापासून गोळी मेंढ्यापर्यंत पोहोचण्यास पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि पोलादाचा 'टण्ण' असा आवाज परत येण्यास आणखी अर्धा सेकंद. त्यामुळे मेंढा आधी डुलताना दिसतो आणि घाव मागाहून ऐकू येतो. मेंढा वजनाने वीस किलोंहून अधिक भरतो. गोळी खांद्याजवळ किंवा पाठीलगत उंच लागली तर तो सावकाश, जणू विचार करून, मागे कलंडतो. पायाजवळ लागली तर आवाज तितकाच खणखणीत येतो, पाहणारे टाळ्याही वाजवतात; मेंढा मात्र आपल्या पाटावर किंचित फिरतो, थरथरतो आणि पुन्हा स्थिर उभा राहतो. नियमात लक्ष्य पाडायचे असते, नुसते लागून भागत नाही. गुणलेखक अशा वेळी कागदावर शून्य मांडतो आणि पुढच्या मेंढ्याकडे पाहू लागतो.