वापीला स्वस्त, विरारला नंबर

तलासरीच्या नाक्यावर महामार्गाच्या कडेला चहा संपेपर्यंत उभं राहिलं, तर तीन मुलखांच्या नंबरप्लेट डोळ्यांपुढून जातात. एमएच-४८ आपली, वसईच्या परिवहन कार्यालयाची. जीजे-१५ वलसाडची. आणि डीडी, म्हणजे पूर्वीची डीएन-०९, दादरा-नगर हवेलीची. अच्छाडची हद्द ओलांडली की भिलाड, पुढे वापी. डाव्या अंगाला उंबरगाव, उजव्या अंगाला सेलवास. त्यामुळे डहाणू-तलासरीतल्या घरात गाडी घ्यायचं ठरलं की पहिला वाद रंगावरून किंवा मॉडेलवरून होत नाही. कुठल्या शोरूमला जायचं, यावरून होतो.

या वादाचं मूळ बरंच मागं आहे. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि तालुक्यासह भोवतीच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यात नव्या उद्योगांवर बंधनं आली. चिकूच्या वाड्या वाचल्या, हे बरंच झालं. पण मोठी कारखानदारी एका बाजूला बोईसर-तारापूर आणि दुसऱ्या बाजूला वापी इथंच राहिली. पगार तिथं, बँका तिथं, मग काचेची मोठी शोरूमंही तिकडंच. अलीकडं आपल्या भागात कंपन्यांची छोटी दालनं दिसू लागली आहेत. तिथं एक-दोन गाड्या बघायला असतात, बुकिंग होतं, पण हव्या त्या मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह मिळेलच असं नाही. फोन केला की ‘उद्या वापीहून मागवतो’ किंवा ‘बोईसरला या’ असं उत्तर येतं.

वापीचं आकर्षण उघड आहे. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल मोटारीला एकरकमी रस्ता कर ११ टक्के, डिझेलला १३. गुजरातमध्ये खासगी मोटारीला ६. आठ लाखांची पेट्रोल गाडी धरली तर इकडे ८८ हजार, तिकडे ४८ हजार. चाळीस हजारांचा फरक बघून उंबरगावच्या मामाचा पत्ता कोणाला आठवणार नाही? सीमेवर मामांना तोटा नसतो.

पण मोटार वाहन कायदा मामाला ओळखत नाही. १९८८ च्या कायद्याचं कलम ४० सांगतं की मालक जिथं राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी जिथं एरवी उभी असते, त्या राज्यातल्या कार्यालयात नोंदणी हवी. कलम ४७ प्रमाणे परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं राहिली, तर इथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे कर टळला असं वाटलं तरी तो वर्षभर पुढं ढकललेला असतो, वर धावपळ वेगळी. वापीत खरेदी करून नोंदणी महाराष्ट्रात करायला अर्थातच कोणाची हरकत नाही. तात्पुरता नंबर, फॉर्म २१ चं विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २२, विमा अशी कागदपत्रं घेऊन विरारमध्ये असलेल्या वसई कार्यालयात काम करायचं. मात्र कर मग महाराष्ट्राचाच पडतो. उरतो तो शोरूमनं दिलेला डिस्काउंट, आणि त्यातून विरारच्या फेऱ्यांचं भाडं वजा करायचं. डहाणू रोडहून विरार लोकलनं ६४ किलोमीटर. आपल्या राज्यातल्या डीलरकडून गाडी घेतली तर नोंदणीची कागदपत्रं तोच ऑनलाइन चढवतो, गाडी तपासणीसाठी न्यावी लागत नाही आणि नंबर पडल्यावरच ताबा मिळतो. माझ्या मते या सोयीची किंमत लोक कमी धरतात.

कोटेशन हातात आल्यावर बहुतेकांची नजर तळाच्या ऑन रोड आकड्यावर जाते. मधल्या ओळी वाचणारा विरळा. विमा शोरूमचाच घेतला पाहिजे असं बंधन नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, पण तो कोणत्या कंपनीचा हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. ‘हँडलिंग चार्ज’ नावाची ओळ दिसली तर ती कशाची, हे विचारावं. तिला कायद्याचा आधार नाही. ‘सगळे देतात’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. अॅक्सेसरीचं पॅकेज गळ्यात मारलं जातं. त्यात गाडीखालचा गंजरोधक थर असतो. बोर्डी, घोलवड, चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यात गाडी उघड्यावर राहणार असेल तर तो घ्यावा. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यात राहणाऱ्यानं त्याऐवजी चांगले मडफ्लॅप बसवावेत.

कर्जाची गोष्ट इथं जरा वेगळी आहे. तलासरी हा जवळजवळ सगळा आदिवासी तालुका, डहाणूचाही मोठा भाग तसाच. आदिवासी खातेदाराची जमीन सरकारी परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जात नाही. हे संरक्षण गरजेचं आहे, पण त्यामुळे खासगी फायनान्सवाल्याला सातबारा तारण म्हणून फारसा उपयोगाचा नसतो. गाडीचं तसं नाही. ती स्वतःच तारण, आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव. म्हणून ज्याला घर बांधायला कर्ज मिळत नाही, त्याच्या दारात पिकअप किंवा इको उभी दिसते. भाजी, गवत, विटा, कंपनीचे कामगार, शाळेची मुलं अशा भाड्यावर हप्ता निघतो. पावसाळा लागला की भाडं आटतं. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मासळीच्या टेंपोलाही सुट्टी. हप्त्याला मात्र सुट्टी नसते. शोरूमच्या टेबलावर ‘महिना किती जमेल?’ एवढंच विचारतात. ‘आषाढात किती जमेल?’ असं विचारणारा सेल्समन भेटला तर त्याच्याकडूनच गाडी घ्यावी. हप्ते फिटल्यावर फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन आरसीवरचं ते नाव काढायचं असतं. कित्येकांच्या आरसीवर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

गाडी विकून डीलरला सुटतं थोडंच. त्याचं पोट भरतं ते विमा, कर्ज, सुटे भाग आणि सर्व्हिसवर. गिऱ्हाइकाचा खरा अनुभवही वर्कशॉपच्या फाटकातून आत गेल्यावर सुरू होतो. कंपनीचं वेळापत्रक दोन अंगांनी चालतं: इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. घोलवडच्या बागायतदाराची गाडी वर्षभरात जेमतेम काही हजार किलोमीटर फिरते. तो म्हणतो, ‘चालवलीच नाही, ऑइल कशाला बदलू?’ उधव्याचा पिकअपवाला तेवढं अंतर दोन महिन्यांत कापतो आणि म्हणतो, ‘सहा महिने कुठं झालेत?’ दोघंही चुकतात, आणि वॉरंटीचा दावा नाकारला जातो तेव्हा दोघांनाही डीलर लबाड वाटतो.

फाटकावर सर्व्हिस अॅडव्हायझर टॅब घेऊन उभा असतो. गिऱ्हाईक सांगतं, ‘आंबोलीच्या उतारावर ब्रेक दाबला की डावीकडून करकर येतं.’ जॉब कार्डवर उतरतं फक्त ‘ब्रेक चेक’. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून मिळते आणि करकर तशीच. मेकॅनिकनं जॉब कार्डवर लिहिलेलं केलेलं असतं, त्याला दोष देता येत नाही. उपाय एकच, सही करण्याआधी कार्ड वाचायचं, तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावायची, आणि जमलं तर अॅडव्हायझरला शेजारी बसवून एक चक्कर मारायची. जुने सुटे भाग परत मागायचे. एस्टिमेटपेक्षा खर्च वाढणार असेल तर आधी फोन करा, असं कार्डवरच नोंदवायचं. हे ठाऊक असलेलं गिऱ्हाईक आलं की काउंटरवरची भाषाही बदलते. घरात वारली बोलणाऱ्या, हिंदी तुटक बोलणाऱ्या माणसाला याच फाटकावर सगळ्यात जास्त दबकायला होतं. म्हणून आसपासच्या पाड्यांतली, आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झालेली पोरं जिथं कामाला आहेत, तिथं गर्दी जास्त असते.

या मुलखाच्या तक्रारीही या मुलखाच्याच. चिकूच्या झाडाखाली गाडी लावली की रात्री वटवाघळं पिकलेलं फळ खातात आणि सकाळी टपावर त्यांचा प्रसाद असतो. तो वेळेत धुतला नाही तर रंगावर डाग राहतो. वाडीतले उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत शिरतात आणि वायरी कुरतडतात. ते वॉरंटीत बसत नाही. पिकअपचे पाटे तर सांगायलाच नकोत. कंपनीनं ठरवलेलं वजन आणि गवताच्या गंजीचं वजन यांची कधी भेटच झालेली नाही.

वॉरंटी संपली की बरेच जण कंपनीच्या वर्कशॉपला रामराम ठोकतात आणि चारोटी किंवा तलासरीच्या गॅरेजवाल्याकडे वळतात. तो उधारी ठेवतो, रात्री अपरात्री महामार्गावर येतो. त्यानंही कधीकाळी कंपनीतच हात काळे केलेले असतात. पण नव्या गाड्यांचा बिघाड आता स्कॅनरशिवाय सापडत नाही, आणि तिथं त्याची अडचण होते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी याच चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला आणि मागच्या सीटचा पट्टा देशभर चर्चेत आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची तारांकित चाचणीही सुरू झाली. शोरूममध्ये आता ‘एअरबॅग किती?’ हा प्रश्न मायलेजच्या बरोबरीनं येतो. त्याच महामार्गावर इकोमध्ये दहा-बारा माणसं कोंबून कामाला जातात, ते वेगळं.

२०२५ चा भाद्रपद डीलरांना बराच जड गेला असणार. जीएसटी उतरणार हे १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरूनच कळलं होतं, आणि ७ सप्टेंबरपासून पितृपक्ष. ज्याला पितरांची भीती नव्हती तो कर उतरायची वाट बघत थांबला. २२ सप्टेंबरला घटस्थापना, आणि त्याच दिवशी लहान मोटारींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के. पुढं दसऱ्याला नव्या गाड्यांची रांग विवळवेढ्याच्या महालक्ष्मीपर्यंत. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हार, आणि पुजाऱ्याला ‘फोटोत नंबर येऊ द्या’ अशी विनंती.

विकायच्या वेळी वापी पुन्हा आठवते. जुन्या गाड्यांचे तिथले व्यापारी रोख भाव चांगला सांगतात. तो सांगितला की फॉर्म २८ ची एनओसी कोण काढणार ते आधी ठरवावं, आणि फॉर्म २९, ३० वर सह्या करून कोरे कागद कोणाच्या हाती देऊ नयेत. नोंदणीत नाव बदललं नाही, तर सुरतेजवळ कोणी सिग्नल तोडला तरी चलान तलासरीच्या मोबाइलवरच येतं.