मासा दाखवणारा पक्षी

जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात, हिरोशिमा प्रांतातल्या तोयोशिमा बेटाभोवती सुमारे ३०० वर्षे एक अजब मासेमारी चालली. तिथले कोळी पाण्यात दोर सोडायचे ते पक्ष्यांचा अंदाज घेऊन.

हा पक्षी म्हणजे अबी. हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडून येणारा, टोकदार चोचीचा. पाय इतके मागे की जमिनीवर धड चालता येत नाही. पाण्यात मात्र पट्टीचा पाणबुड्या. थंडी सरताना त्याची उड्डाणाची पिसं एकदम झडतात आणि काही आठवडे उडणं बंद. अशा वेळी सगळी भिस्त इकानागो या सडपातळ, चंदेरी मासळीवर.

अबींचा थवा इकानागोच्या झुंडीला वेढा घालून बुड्या मारू लागला, की मासळी घाबरून एकवटते आणि खाली पळते. खाली टपलेला असतो मादाई, आपल्या तांबोशीसारखा लालसर, बाजारात भाव खाणारा. वरून चोच, खालून जबडा! कोळी थव्याच्या कडेला होडी आणायचा, गळाला इकानागोच लावायचा आणि दोर त्या जबड्यांपर्यंत सोडायचा. इंजिनाच्या आवाजाने थवा बिथरतो, म्हणून वल्ह्यानेच सरकायचं. अबीला इजा करायची नाही, हा दंडकच होता. त्यात भूतदया असेलही, पण हिशेब रोखठोक होता: अबी गेला तर मादाईचा पत्ता सांगणार कोण? आपल्याकडेही सुरयांचा थवा पाण्यावर सूर मारताना दिसला, की होडीचं तोंड तिकडे वळतं.

१९३१ साली जपान सरकारने हा समुद्रपट्टा नैसर्गिक स्मारक म्हणून जाहीर केला. पुढे अबी हिरोशिमाचा प्रांतपक्षी झाला. कागदोपत्री पक्ष्याची बडदास्त चोख. इकानागोचं काय, हे कुणी विचारलं नाही. ही मासळी उन्हाळा काढते समुद्रतळाच्या रेतीत स्वतःला गाडून घेऊन. युद्धानंतर बांधकामं वाढली आणि काँक्रीटसाठी नेमकी तीच रेती जहाजं भरभरून उपसली गेली. इकानागो आटला, तसे अबीही विरळ झाले. भरधाव बोटींच्या वर्दळीने उरलीसुरली शांतता घालवली. १९८० च्या दशकात ही मासेमारी थांबली. हिरोशिमात समुद्रातल्या रेतीउपशावर बंदी आली ती १९९८ मध्ये.

कोकणातल्या खाड्यांमध्ये रेतीचे परवाने देताना त्या रेतीत कोण राहतं, याची तपासणी उपशाच्या आधी व्हायला हवी.