एलकुंचवारांचे वाचनाचे वर्ष

महाविद्यालयांतून लेखनकलेचे रीतसर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या पुष्कळ आधी विद्यार्थ्याचा लेखक कसा घडत असे, या प्रश्नाचे मला सर्वांत समाधानकारक वाटणारे उत्तर आपल्या नागपुरातच, नाटककार महेश एलकुंचवार यांच्या चरित्रात सापडते. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे १९३९ साली जन्मलेले, १८८५ साली स्थापन झालेल्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि नागपूर विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची एम. ए. पदवी घेतलेले एलकुंचवार, एकदा चित्रपटाचे तिकीट न मिळाल्यामुळे, विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो! मी हरलो!’ या नाटकाला जाऊन बसले. आणि त्या प्रयोगाने अंतर्बाह्य हलून जाऊनही, तत्काळ लेखणी न उचलता, त्यांनी सुमारे वर्षभर नाना प्रकारची नाटके वाचून काढली.

या हकीकतीतील योगायोगाचेच सर्वांना कौतुक. मला मात्र ते वाचनाचे वर्ष अधिक मोलाचे वाटते, कारण स्फूर्तीला रचनेचे ज्ञान त्या स्वेच्छेने पत्करलेल्या तालमीतूनच लाभले असले पाहिजे.

१९६७ साली ‘सत्यकथा’ मासिकात त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका आली, आणि विजयाबाईंनीच ती पुढे रंगमंचावर आणली. धरमपेठेतील महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करीत असतानाच एलकुंचवारांनी ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक लिहिले, ज्याचा प्रयोग १९८५ साली झाला. ‘सुलतान’ आणि ‘वाडा’ लागोपाठ वाचावीत, अशी लिहू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझी आग्रहाची विनंती आहे.