कूलर : गारवा हवा, ताप नको

वैशाखात पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. तिसरी पाळी करून आलेल्या माणसाला तर झोप दिवसाच काढावी लागते. म्हणून पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत आणि चाकण, महाळुंगेच्या भाड्याच्या खोल्यांत कूलर लागतो. पण डेंग्यूचा एडिस डासही दिवसाच चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कूलरची टाकी त्याला आयती मिळते.

अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी केली तर डास तयारच होत नाही. शहरात २०१९ पासून पाणी दिवसाआड येते, त्यामुळे पाणी ओतून द्यायला जीवावर येते, हे आम्ही जाणतो. म्हणून नळाला पाणी येण्याच्या दिवशी, टाकी तळाला गेली असताना हे काम करा.

१. आधी बटण बंद करा आणि पिनही काढा. पंप पाण्यात असतो. वायर खराब झाली तर पत्र्यात करंट उतरतो. पाणी भरतानाही पिन काढलेलीच हवी. तीन पिनांचा प्लग वापरा, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. मुलांना चालू कूलरला हात लावू देऊ नका.

२. उरलेले पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता. टाकीच्या कडा ब्रशने घासा. अंडी कडेला चिकटतात आणि पाण्याशिवायही कित्येक महिने टिकतात. नुसते पाणी बदलून भागत नाही.

३. जाळीचे गवत धुवा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसला की हवा अडते. गवत कुजले असेल तर बदला.

४. वरच्या पाइपची भोके तारेने मोकळी करा. गवत जिथे कोरडे राहते तिथून गरम हवाच आत येते. पंपाची जाळीही साफ करा.

५. कूलर खिडकीत, पाठ बाहेर करून ठेवा आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. कोंडलेल्या खोलीत दमटपणा वाढतो, गारवा येत नाही. याच कारणाने पावसाळ्यात कूलरचा उपयोग नाही. तेव्हा तो पुसून, वाळवून ठेवा. पाण्याचे ड्रमही घासा आणि झाकून ठेवा.

एवढे करूनही जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग मोडून येणे असे झाले तर डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा दुखण्याचे इंजेक्शन नको. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पोटात खूप दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर ताप उतरला असला तरी थांबू नका. पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. लगेच न्या. पाळी बुडेल म्हणून दुखणे अंगावर काढू नका.